सायलस मार्नरच्या दोन थैल्या: एका कृपणाच्या उद्धाराचा प्रकरण अभ्यास

जॉर्ज एलियट यांच्या ‘सायलस मार्नर’ या इंग्रजी कादंबरीच्या शेवटाकडचा हा प्रसंग. दगडाच्या खाणीतले पाणी ओसरले, तळाशी सोळा वर्षांपूर्वी बुडालेल्या चोराचा सांगाडा सापडला आणि त्याच्याबरोबर सायलस मार्नरच्या सोन्याच्या दोन चामडी थैल्याही सापडल्या. त्या रात्री तो विणकर आपल्या झोपडीत मेणबत्तीच्या उजेडात बसला आहे, टेबलावर त्या नाण्यांच्या पूर्वीसारख्याच नीटस चळती रचलेल्या आहेत आणि त्याच्याजवळ त्याने लहानाची मोठी केलेली मुलगी, एपी, बसली आहे. तो तिला सांगतो की हा पैसा आता मला पकडून ठेवत नाही. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. तू दुरावलीस तर हाच पैसा मला पुन्हा पकडील, आपल्याला टाकून दिले आहे असे पुन्हा वाटू लागेल आणि देव माझ्याशी चांगला वागला ही भावनाही हातची जाईल, अशी धास्ती तो त्याच दमात बोलून दाखवतो. कृपण माणसाच्या उद्धाराची कथा म्हणून ही कादंबरी वाचणाऱ्यांचे लक्ष बहुधा पहिल्या वाक्यावर खिळते. प्रस्तुत अभ्यासाचा रोख दुसऱ्या वाक्यावर आहे, कारण बरा झालेला माणूस स्वतःच आपले दुखणे उलटू शकते असे सांगतो, तेव्हा ते बरे होणे नेमके कशात होते हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

‘सायलस मार्नर’ ही कादंबरी 1861 मध्ये प्रसिद्ध झाली. जॉर्ज एलियट या नावाने लिहिणाऱ्या मेरी अ‍ॅन एव्हान्स यांनी इटलीतील इतिहासावर बेतलेल्या एका मोठ्या कादंबरीची तयारी बाजूला ठेवून ती लिहिली. पाठीवर गाठोडे घेतलेला एक विणकर त्यांनी लहानपणी पाहिला होता आणि त्या आठवणीतून हे कथानक उगवले. तोवर इंग्रज वाचकांच्या मनात कंजूष माणसाच्या सुधारणेचा एक साचा पक्का झालेला होता, तो म्हणजे 1843 च्या नाताळात चार्ल्स डिकन्स यांनी ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या कथेत उभा केलेला स्क्रूज. स्क्रूजचे प्रकरण सरळ आहे. त्याने इतरांचे नुकसान केले आहे, कारकुनाला थंडीत कुडकुडत बसवले आहे, गरिबांसाठी तुरुंग आणि श्रमगृहे (वर्कहाउस) आहेत ना, असे विचारले आहे. मग एका रात्रीत त्याला भय दाखवले जाते, तो पश्चात्ताप करतो आणि सकाळी थैलीचे तोंड सोडतो. पाप, भय, पश्चात्ताप, दान अशी ही चढण आहे.

सायलसच्या प्रकरणाला ही चढण लागू पडत नाही. त्याचा कोणी ऋणको नाही, नोकर नाही, त्याच्या कंजुषीमुळे कोणी उपाशी राहिलेले नाही. त्याचे सोने परत आल्यावर त्याने ते गोरगरिबांत वाटले असाही उल्लेख कादंबरीत नाही. ज्याने कोणाचे काही घेतले नाही आणि शेवटी कोणाला काही वाटलेही नाही, त्याचा उद्धार झाला म्हणजे काय झाले?

येथे आपल्या भाषेतील एका शब्दाची मदत होते. चिक्कू, कंजूष, कवडीचुंबक हे शब्द हसण्यासाठी आहेत आणि नाटकातला कंजूष आपल्याकडेही प्रामुख्याने हशे वसूल करण्यासाठीच आला. ‘कृपण’ हा शब्द मात्र वेगळा आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ दीन, कीव करण्याजोगा असा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन आपला स्वभाव कार्पण्यदोषाने मारला गेल्याचे म्हणतो तेव्हा तो पैशाविषयी बोलत नसतो, आतून खचल्याविषयी बोलत असतो. इंग्रजीतील ‘मायझर’ हा शब्दही ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ दुःखी, अभागी असाच होतो. एलियट यांनी सायलसला या जुन्या अर्थाने कृपण केले आहे, आणि म्हणूनच त्याची कृपणता हा गुन्हा न राहता जखमेवर धरलेली खपली ठरते.

जखम लँटर्न यार्डमध्ये झाली. उत्तरेकडील एका औद्योगिक शहरातील एका गल्लीत हा लहानसा, कडव्या धर्मनिष्ठ लोकांचा पंथ होता आणि तरुण सायलस त्यातला भाविक म्हणून नावाजलेला होता. त्याला अधूनमधून झटके येत, अंग ताठरून शुद्ध हरपे आणि भानावर आल्यावर मधला वेळ त्याच्या लेखी पुसलेला असे. पंथातील एका आजारी वडीलधाऱ्याच्या उशाशी रात्र जागवताना त्याला असाच झटका आला, त्या अवधीत तो वृद्ध गेला आणि तेथे ठेवलेली मंडळाच्या पैशांची थैली नाहीशी झाली. तिच्या जागी सायलसचा चाकू मिळाला आणि रिकामी थैली त्याच्या खोलीत. हा चाकू आपण शेवटी जिवलग मित्र विल्यम डेन याच्यासाठी एक पट्टा कापायला काढला होता, हे सायलसला आठवले, पण त्या क्षणी तो गप्प राहिला. पंथाला सरकारी न्यायालय वर्ज्य होते, म्हणून प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. देवाला कौल लावण्याची आपल्याकडची पद्धत ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या क्षणाचे वजन वेगळे सांगायला नको. कौल सायलसच्या विरुद्ध गेला. न्यायी देव जगात नाही, आहे तो निरपराध्यांविरुद्ध साक्ष देणारा खोटा देव, असे म्हणून तो बाहेर पडला. महिना उलटतो न उलटतो तोच त्याच्याशी लग्न ठरलेल्या साराने विल्यम डेनशी लग्न केले.

त्याचे मित्र, वाग्दत्त वधू, देव आणि गाव ही चारही नाती एकाच निवाड्यात तुटली, आणि पुढील पंधरा वर्षांच्या संचयाचे मूळ येथे आहे. मूळ लोभात असते तर कादंबरी त्याला लँटर्न यार्डमध्येही पैसे जमवताना दाखवू शकली असती. तेथे मात्र त्याच्या कमाईचा मोठा वाटा पंथाच्या कामाला जाई आणि नाण्याला नाणे म्हणून त्याच्या मनात जागाच नव्हती. कमाईवर इतरांचा हक्क होता, म्हणून कमाईला अर्थ होता.

रॅव्हलो या सुपीक, सुस्त, आडवळणाच्या गावी येऊन त्याने दगडाच्या खाणीजवळ माग मांडला. मिसेस ऑसगुड यांच्यासाठी विणलेल्या लिननचे पाच गिनी त्याच्या तळहातावर पडले तेव्हा प्रथमच असे घडले की या पैशावर कोणाचाही हक्क नव्हता. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग, आणि ती सोन्याची. संध्याकाळी शेतांतून घरी येताना तो ती नाणी काढून पाहतो आणि अंधारातही ती उजळ आहेत असे त्याला वाटते. या प्रसंगात हाव दिसत नाही. दिसते ती रिकाम्या जागेत आपोआप येऊन बसलेली एक सवय.

एकदा ही जागा पैशाऐवजी माणसांनी भरण्याची संधी आली होती. चांभाराच्या बायकोला, सॅली ओट्सला, हृदयविकाराने सूज आलेली पाहून सायलसला आपल्या आईचे असेच दुखणे आठवले आणि त्याने तिला फॉक्सग्लोव्हचा काढा दिला. हे औषध काल्पनिक नाही. विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्ये याच वनस्पतीचा सुजेवरील उपयोग नोंदवला होता आणि डिजिटालिस हे हृदयाचे औषध तिच्यापासूनच आले. सॅलीला उतार पडला, पण गावाने त्याचा अर्थ जादूटोणा असा लावला आणि माणसे ताईत-मंतर मागायला दारी येऊ लागली. खोट्या नावाने पैसा घेण्याचा मोह सायलसला झाला नाही, हे येथे मुद्दाम नोंदवायला हवे. मंतराचे चार पैसे नाकारणारा कंजूष व्हिक्टोरियन कादंबरीत विरळाच. त्याने सर्वांना हाकलले, गावाचा राग ओढवून घेतला आणि करुणेने उघडू पाहणारे दार आणखी घट्ट मिटले.

मग आठवड्यांमागून आठवडे धोटा इकडून तिकडे जात राहिला. लेखिका त्याची तुलना कोळ्याशी करते, जो विचार न करता, केवळ आतल्या ओढीने विणत जातो. नाणी आधी लोखंडी भांड्यात, मग चामडी थैल्यांत आणि त्या थैल्या मागाखालच्या विटा काढून केलेल्या खळग्यात, वरून वाळू. रात्री दारे लावून तो ती काढी, मोजी, बोटांनी चाचपी. चोरी झाली तेव्हाचा आकडा तो स्वतः सांगतो: 272 पौंड 12 शिलिंग 6 पेन्स. पंधरा वर्षांनी भागले तर वर्षाला जेमतेम 18 पौंड होतात. ही सावकाराची दौलत नव्हे. एका विणकराने पोटाला चिमटा काढून, एकेका वाराने विणलेली ती रक्कम आहे. चाळिशीही न गाठलेल्या या माणसाला पोरे म्हातारा म्हणू लागली होती, त्याचे डोळे सगळीकडे शोधावी लागणारी एखादी बारीकशी वस्तू पाहण्यापुरतेच बनवल्यासारखे झाले होते.

याच काळातला एक छोटा प्रसंग बहुतेक विवेचनांत एका ओळीत उरकला जातो, मला तो संपूर्ण प्रकरणाची किल्ली वाटतो. विहिरीवरून पाणी आणण्याचा त्याचा मातीचा घडा बारा वर्षे सोबतीला होता. कुंपण ओलांडताना ठेच लागून तो पडला आणि त्याचे तीन तुकडे झाले. सायलसने ते घरी आणले, एकमेकांना जोडले आणि निरुपयोगी झालेला तो घडा जुन्या जागी टेकवून ठेवला. ज्याला केवळ मोल कळते तो फुटके मडके जपत नाही. जीव लावण्याची शक्ती या माणसात मेलेली नव्हती, ती लावायला माणूस उरला नव्हता.

नोव्हेंबरच्या एका पावसाळी संध्याकाळी जमीनदाराचा वाया गेलेला मुलगा डन्स्टन कॅस याने ते सोने पळवले. सुधारणेचा आरंभ मुलीच्या येण्यापासून धरण्याची प्रथा आहे, परंतु प्रकरणाच्या नोंदी तपासल्या तर तो या चोरीपासून धरावा लागतो. लुबाडला गेलेला सायलस धावत रेनबो या गावच्या गुत्त्यात शिरतो. पंधरा वर्षांत प्रथमच तो इतरांच्या शेकोटीजवळ, इतरांच्या मधोमध बसून आपली हकिगत सांगतो. त्यापूर्वी त्याने जेम रॉडनी या चोरट्या शिकाऱ्यावर आरोप केलेला असतो. निरपराध माणसावर आळ घेऊ नये असे कोणी म्हणताच त्याची स्मृती चाळवते, आणि तो उठून जेमजवळ जातो, कबूल करतो की आपण चुकलो, तुझ्याविरुद्ध कसलाच पुरावा नाही. स्वतःवर खोटा आळ आलेला माणूस दुसऱ्यावर आळ घेताना थबकतो, ही या कादंबरीतील त्याची पहिली नैतिक कृती आहे आणि ती एपीच्या जन्माचीही गावाला वार्ता नसताना घडते. दुसरीकडे गावही बदलते. सैतानाशी संधान असलेल्या माणसाला कोणी असे लुबाडील काय, या साध्या तर्काने लोकांची भीती जाऊन कीव येते. डॉली विन्थ्रॉप ही चाकाचे काम करणाऱ्या सुताराची बायको लहानग्या एरनला घेऊन चरबीच्या पोळ्या आणते. त्यांवर चर्चमधल्या कापडावर पाहिलेली अक्षरे टोचलेली असतात, जी तिला स्वतःला वाचता येत नाहीत, पण ज्यांत काहीतरी चांगले असणार यावर तिचा विश्वास असतो. सायलसला त्या भेटीतून फारसे काही मिळत नाही. मात्र मदत आलीच तर ती बाहेरून येईल, अशी एक पुसट जाणीव त्याच्यात शिरते.

वर्षाच्या शेवटच्या रात्री, जुने वर्ष जाताना जागे राहिले तर पैसा परत येईल असे कोणी तरी सांगितल्यामुळे, तो पुन्हा पुन्हा दार उघडून पाहत होता. दार धरून उभा असतानाच त्याला झटका आला. बर्फात अफूच्या गुंगीत मरून पडलेल्या मॉली फॅरनच्या कुशीतून तिची मुलगी उजेडाच्या दिशेने लुटूलुटू चालत आली आणि उघड्या दारातून आत शिरून चुलाण्यासमोर निजली. सायलस भानावर आला, अधू नजरेला शेकोटीपुढे सोने चकाकताना दिसले, हात पुढे केला आणि बोटांना कडक नाण्यांऐवजी मऊ, ऊबदार कुरळे केस लागले. त्याला आधी आपली लहानपणी वारलेली बहीण आठवली.

लँटर्न यार्डमधली थैली गेली तेव्हाही आणि हे मूल आले तेव्हाही सायलस शुद्धीवर नव्हता. सर्वस्व जाणे आणि सर्वस्व मिळणे या दोन्ही घटना लेखिकेने त्याच्या हातून काढून घेतल्या आहेत. त्यामुळे पहिल्या घटनेचा दोष त्याचा नाही आणि दुसरीचे श्रेयही नाही. मूल येणे हा उद्धार नव्हे, ती उद्धाराची संधी आहे. त्याचे स्वतःचे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते सुरुवातीला फारसे उदात्त दिसत नाही. पैसा कुठे गेला कळत नाही, हे कुठून आले कळत नाही, पण हे माझे, असा त्याचा हट्ट आहे. डॉलीने मुलीचे सगळे करू का म्हटल्यावर तो सांगतो की मलाच करू दे, नाहीतर तिला दुसऱ्याचा लळा लागेल. म्हणजे थैलीच्या जागी मूल आले आणि मूठ तशीच आवळलेली राहिली, असा आक्षेप घेता येतो आणि तो गंभीर आहे. सोनेरी नाण्यांच्या जागी सोनेरी केस ही प्रतिमा थोडी अतिसोयीची आहे, हेही मान्य करायला हवे.

त्या आक्षेपाला उत्तर मिळते ते रोजच्या व्यवहारात. लेखिका म्हणते की सोन्याने त्याचे विचार एकाच वर्तुळात फिरत ठेवले होते, तर मुलगी ही बदल आणि आशा यांचीच बनलेली असल्यामुळे ती त्याला पुढे ओढत नेते. नाणे उद्या तेच असते, मूल उद्या तेच नसते. चळत बंद दाराआड मोजता येते, मुलाला मात्र ऊन, गवत, शेजारी, देवी टोचणे, बाप्तिस्मा सगळे लागते. तिला देवळात नाव ठेवायला नेण्यासाठी त्याला परक्या वाटणाऱ्या चर्चच्या उंबऱ्याच्या आत जावे लागते, जेथे तिला त्याच्या आईचे आणि बहिणीचे नाव, हेप्झिबा, मिळते. तिला घेऊन बांधावर बसता बसता त्याचे डोळे पुन्हा ओळखीच्या औषधी वनस्पती शोधू लागतात, आणि आईची शिकवण, जी गिन्यांच्या वर्षांत विसरली होती, परत येते. एकदा ती कात्रीने मागाला बांधलेली पट्टी कापून पळते. डॉलीच्या सल्ल्याप्रमाणे तो तिला कोळशाच्या खोलीत कोंडतो, आणि ती हीच गंमत समजून स्वतःच पुन्हा आत जाऊन बसते. शिक्षा तेथेच संपली. ज्याला सोने कुलपात ठेवता आले त्याला मूल कुलपात ठेवता आले नाही, इतका हा विनोदी प्रसंग पुढच्या कसोटीची तालीम आहे.

ती कसोटी सोळा वर्षांनी येते. गॉडफ्रे कॅस, डन्स्टनचा मोठा भाऊ आणि एपीचा खरा बाप, ज्याने त्या रात्री बर्फातल्या मृत पत्नीला ओळख दिली नव्हती, आपली दुसरी पत्नी नॅन्सी हिला घेऊन मुलीला मागायला येतो. आधी तो दत्तक घेण्याची भाषा करतो. सायलस थरथरतो, पण मुलीला सांगतो की तू बोल, मी तुझ्या वाटेत येणार नाही. ती नकार देते. मग गॉडफ्रे पितृत्वाचा हक्क सांगतो, आणि आता सायलस चिडतो: सोळा वर्षांपूर्वी हे का सांगितले नाही, आता मागणे म्हणजे अंगातले काळीज काढून मागणे आहे, आणि दारी आलेला आशीर्वाद जो परतवतो त्याचा तो घरात घेणाऱ्याला मिळतो. बोलणे रास्त आहे. पण गॉडफ्रे तिच्या भल्याच्या आड येत असल्याचा ठपका ठेवतो तेव्हा सायलस गप्प होतो आणि शेवटी म्हणतो की मी आता काही बोलत नाही, तिला विचारा, मी कशालाही अडवणार नाही.

कृपणाचा उद्धार तपासायचा तर माप येथे लावावे लागते. स्क्रूजकडे पैसा होता आणि त्याने पैसा दिला. ते मोलाचे होते, पण त्याला परवडणारे होते. सायलसकडे एकच वस्तू उरली होती आणि तिच्यावरची मूठ त्याने स्वतः, शुद्धीवर असताना, उघडली. त्याच्या आयुष्यातील दोन मोठी वळणे झटक्यात आली, हे तिसरे मात्र पूर्ण जागेपणी आले. एपी त्याच्याजवळच राहिली हा तिचा निर्णय होता. तो निर्णय उलट लागला असता तरी सायलसची ती कृती तशीच उरली असती.

लेखिकेने श्रद्धेचा हिशेब मात्र पूर्ण केलेला नाही, आणि तेच तिच्या प्रामाणिकपणाला शोभते. जर्मन तत्त्वज्ञ फॉयरबाख यांच्या ख्रिस्ती धर्मावरील ग्रंथाचा तिने केलेला इंग्रजी अनुवाद 1854 मध्ये निघाला होता. माणसे देवाच्या नावाने जे पूजतात ते माणसामाणसांतले प्रेमच, हा त्या ग्रंथाचा गाभा येथे डॉलीच्या पोळ्यांपर्यंत उतरलेला दिसतो. सायलस एपीला घेऊन लँटर्न यार्ड पाहायला जातो, त्या कौलाचा उलगडा व्हावा म्हणून. तेथे गल्ली नाही, प्रार्थनागृह नाही, एक मोठा कारखाना उभा आहे आणि त्याच्या दारातून जेवणाच्या सुटीत माणसे बाहेर पडत आहेत. चोर कोण होता हे कोणी सांगणार नाही. डॉलीच्या मते काही गोष्टी आपल्याला अंधारातच राहणार. सायलस म्हणतो की मूल आल्यापासून विश्वास ठेवण्यापुरता उजेड मला मिळाला आहे, आणि ती जाणार नाही म्हणते, तेव्हा मरेपर्यंत विश्वास ठेवीन.

पुन्हा तीच अट, ती जाणार नाही म्हणते म्हणून. लेखिकेला ही अट ठाऊक आहे आणि तिने ती मोडून पाहिली नाही. एपीचे लग्न एरनशी होते, पण बापाला सोडून जायचे नाही या बोलीवर. एरन या घरी राहायला येतो आणि वाढलेल्या कुटुंबासाठी घरमालक म्हणून गॉडफ्रे खर्च करून झोपडी वाढवतो. मॉली फॅरनचे प्रेत ज्या काटेरी झुडपापाशी सापडले होते ते एपीला आपल्या बागेत हवे असते. त्या अभागी बाईला कादंबरीने दिलेली जागा इतकीच, आणि हा माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत कमकुवत भाग आहे, कारण सायलसच्या वाट्याचे मूल तिच्या मरणातून आले. बागेला दोन बाजूंना दगडी गडगा आहे. समोरच्या बाजूला मोकळे, फटींचे कुंपण आहे आणि लग्नाची मंडळी घरी परतताना आतली फुले त्या फटींतून वाटेवरूनच दिसतात.